नोंद दुप्पट, नाव कोरं, फाईल उघडंना : ‘सी’च्या फाईलींची प्रश्नोत्तरं

‘सी’ भाषेतून फाईल लिहिण्या-वाचण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहायची. सगळी ‘एसटीडीआयओ’ हेडर जोडलं की मिळणारी आहेत. अपवाद असेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : आडतीच्या हिशेबाचा प्रोजेक्ट करतेय. फाईलीत ओळीला एक शेतकरी : नाव, सोयाबीन किती क्विंटल, भाव. शेवटच्या शेतकऱ्याचा माल दोनदा धरला जातो आणि बेरीज चुकते. गंमत म्हणजे हाच प्रोग्राम मैत्रिणीच्या फाईलवर बरोबर चालतो. लूप ‘एफईओएफ येत नाही तोवर’ असा लावला आहे.
— डिप्लोमाची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : चूक लूपच्या अटीत आहे. मैत्रिणीच्या फाईलवरही प्रोग्राम तितकाच चुकीचा आहे, तिथे चूक झाकली गेली इतकंच. एफईओएफ हे फंक्शन ‘पुढे काही शिल्लक आहे का’ हे पाहत नाही. ‘याआधी वाचायला गेलो तेव्हा शेवट लागला होता का’ एवढंच ते सांगतं. म्हणजे ते मागचं बोलतं, पुढचं नाही.

आता तुमच्या फाईलीकडे बघा. शेवटच्या ओळीनंतर तुम्ही एंटर दाबलेला असणार. एफस्कॅनएफने शेवटचा भाव, समजा 4350, वाचला आणि एंटर दिसताच ते थांबलं. फाईलचा शेवट अजून त्याला लागलेला नाही, म्हणून एफईओएफ ‘नाही’ म्हणतं आणि लूप आणखी एक फेरी मारतो. या फेरीत वाचायला काही मिळत नाही, व्हेरिएबलांत जुनेच आकडे राहतात आणि तेच पुन्हा बेरजेत जातात. मैत्रिणीने शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबला नसेल. तिथे 4350 मधल्या शून्याच्या पुढे आणखी अंक आहे का हे पाहताना शेवट लागला, खूण पडली आणि लूप वेळेवर थांबला.

उपाय असा की एफईओएफ लूपच्या अटीतून काढून टाका. एफस्कॅनएफ स्वतःच किती गोष्टी वाचल्या ते सांगतं. तुमच्या तीन आहेत, तर ‘उत्तर 3 आलं तोवर’ हीच अट लावा. ‘ईओएफ (फाईल संपल्याचं उत्तर) आलं नाही तोवर’ अशी अट बरेच जण लावतात, ती अर्धवट आहे. एखाद्या नावात मधे जागा असेल, म्हणजे नाव आणि आडनाव दोन्ही असतील, तर एकच शब्द वाचणारा परसेंट-एस फक्त नाव उचलतो, क्विंटलच्या जागी आडनाव येतं आणि उत्तर 1 मिळतं. ते ईओएफ नाही, म्हणून लूप बिनधास्त पुढे जातो आणि या नावावर मागच्या शेतकऱ्याचं वजन चढवतो. ओळीची सुरुवात नावाऐवजी नंबराने होत असेल तर आणखी वाईट : नको ते अक्षर आलं की एफस्कॅनएफ त्याच्यासमोर अडून बसतं, दर फेरीला 0 देतं आणि लूप संपतच नाही.

खऱ्या हिशेबाला आम्ही एफस्कॅनएफ वापरूच नका म्हणू. एफगेट्सने अख्खी ओळ घ्या आणि मग एसस्कॅनएफने तिचे तुकडे करा. फाईलीत स्वल्पविराम ठेवा. नावासाठी ‘परसेंट 29, चौकोनी कंसात टोपी-चिन्ह आणि स्वल्पविराम’ असा साचा द्या, म्हणजे स्वल्पविराम येईपर्यंतचं सगळं नावात जाईल, मधल्या जागेसकट. 29 यासाठी की ॲरे 30 ची आहे आणि एक घर शेवटच्या शून्याला लागतं. तिन्ही तुकडे मिळाले नाहीत तर ओळ क्रमांक स्टँडर्ड एररवर छापा आणि पुढच्या ओळीकडे जा. पाचशे ओळींत 212 वी चुकली आहे हे कळणं आणि ‘बेरीज चुकते’ एवढंच कळणं यात दुपारभराचा फरक पडतो.

प्रश्न : फाईल फोल्डरमध्ये समोर दिसू लागलीय, तरी प्रोग्रामला उघडंना. कधी कधी प्रोग्रामच बंद पडतो.
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : प्रोग्राम बंद पडतो कारण फाईल न उघडल्यामुळे एफओपनने ‘नल’, म्हणजे रिकामा पॉइंटर, दिलेला असतो आणि तो न तपासता तुम्ही त्यातून वाचायला जाता. उघडल्याबरोबर नल आहे का बघा आणि असेल तर पीएरर बोलवा. नुसतं ‘एरर’ असं छापू नका, पीएरर कारण सांगतं. ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’ आलं, आकडा 2, तर नाव किंवा जागा चुकली. ‘परमिशन डिनाइड’ आलं, आकडा 13, तर फाईल आहे पण हात लावू देत नाही. विंडोजवर याचं नेहमीचं कारण म्हणजे तीच फाईल एक्सेलमध्ये उघडी असणं.

आकडा 2 आला असेल तर आमचा पहिला संशय नावावर. विंडोज फाईलचं शेपूट लपवतं. फोल्डरमध्ये नाव बदलताना तुम्ही ‘भाव डॉट टीएक्सटी’ असं लिहिलं आणि लपलेलं टीएक्सटीही मागे तसंच राहिलं, तर खरं नाव दोन शेपटांचं होतं आणि फोल्डरमध्ये एकच दिसतं. व्ह्यू मेनूत फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, लगेच उघड होईल.

दुसरा संशय चालू फोल्डरवर. नुसतं नाव दिलं की प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे शोध होतो, सोर्स फाईल जिथे आहे तिथे नाही. संपादकातून चालवलं तर एक फोल्डर, कमांड प्रॉम्प्टवरून चालवलं तर दुसरं.

तिसरी गोष्ट बॅकस्लॅशची. डी ड्राइव्हवर ‘रेट्स’ फोल्डरात ‘न्यू’ नावाची फाईल, असा पत्ता एकेरी बॅकस्लॅशने इंग्रजीत लिहिला तर ‘बॅकस्लॅश-आर’ म्हणजे ओळीच्या आरंभी परत जा आणि ‘बॅकस्लॅश-एन’ म्हणजे नवी ओळ. पत्त्याचा पार चुराडा होतो. बॅकस्लॅश दोनदा लिहा किंवा सरळ साधा फॉरवर्ड स्लॅश वापरा, विंडोजवर तोही चालतो. लिनक्सवर मात्र मोठी-लहान अक्षरं वेगळी धरली जातात, तिथे ‘डेटा’चा डी मोठा की लहान हे जपा.

एक सूचना कंसाची. उघडणं आणि नलशी तुलना एकाच ‘इफ’मध्ये करत असाल तर नेमणुकीभोवती वेगळा कंस हवाच. नसला तर आधी तुलना होते आणि तिचं 0 किंवा 1 हे उत्तर पॉइंटरमध्ये जाऊन बसतं. कंपायलर याची वॉर्निंग देतो. ती पिवळी ओळ वाचत जा.

प्रश्न : पावसाच्या नोंदींचा प्रोग्राम आहे. स्ट्रक्चरमध्ये मंडळ क्रमांक (इंट), मंडळाचं नाव (30 अक्षरी कॅर ॲरे) आणि पाऊस मिलिमीटरमध्ये (फ्लोट). एफराइटने 12 नोंदी लिहिल्या, एफरीडने वाचल्या. पहिल्या नऊ ठीक. दहाव्या मंडळाचा क्रमांक 2573 दिसतो आणि तिथून पुढची सगळी नावं कोरी. फाईल 481 बाइटची आहे. लिहिताना मोड ‘डब्ल्यू’, वाचताना ‘आरबी’. मशीन विंडोज.
— बी.एस्सी. संगणकशास्त्र, नांदेड

उत्तर : फाईलचा आकार कळवलात हे फार बरं केलं, रोग त्यातच सापडतो. तुमचं स्ट्रक्चर 40 बाइटचं आहे, म्हणून 12 नोंदींचे 480 व्हायला हवेत. एक बाइट जास्त आहे, आणि तो दहाव्या नोंदीतच का शिरला तेही सांगता येतं.

विंडोजवर फाईल ‘बी’ न लावता उघडली की ती मजकुराची फाईल धरली जाते. लिहिताना 10 किमतीचा बाइट दिसला की लायब्ररी तो ‘नवी ओळ’ समजते आणि त्याच्या आधी 13 किमतीचा बाइट घालते, कारण विंडोजमध्ये ओळ 13-10 या जोडीने संपते. तुमच्या मंडळ क्रमांक 10 चे चार बाइट होते 10, 0, 0, 0. फाईलीत गेले 13, 10, 0, 0, 0. वाचताना तुम्ही ‘बी’ लावलात, म्हणून तो जादा बाइट कोणी काढला नाही. पहिले चार बाइट घेतले की आकडा होतो 13 अधिक 10 गुणिले 256, म्हणजे 2573. उरलेला 0 नावाच्या पहिल्या घरात गेला, आणि ‘सी’मध्ये 0 ने सुरू होणारी स्ट्रिंग म्हणजे कोरी स्ट्रिंग. पुढची प्रत्येक नोंद एकेक बाइट सरकली, म्हणून त्यांचीही नावं कोरी.

लिहिताना ‘डब्ल्यूबी’ आणि वाचताना ‘आरबी’, दोन्हीकडे ‘बी’ हवा. उलटी चूक केलीत, म्हणजे लिहिताना ‘बी’ लावला आणि वाचताना विसरलात, तर 26 क्रमांकाच्या मंडळापाशी वाचन थांबेल. 26 हा कंट्रोल-झेड, आणि विंडोजच्या मजकुरी फाईलीत तो शेवटाची खूण मानला जातो. लिनक्सवर ‘बी’ असला-नसला सारखंच, म्हणून लिनक्सवर लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर गेल्यावर हे दुखणं वर येतं.

आता 40 चं. 4, 30 आणि 4 मिळून 38 होतात. फ्लोट 4 ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसावा म्हणून कंपायलर नावानंतर 2 बाइट रिकामे सोडतो. जुन्या टर्बो सी मध्ये हेच स्ट्रक्चर 36 बाइटचं होतं, कारण तिथे इंट 2 बाइटचा आणि मधे रिकामी जागा नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बोवर बनवलेली फाईल घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर वाचायला गेलात तर पहिल्याच नोंदीपासून कचरा दिसेल. म्हणून स्ट्रक्चर थेट ओतलेली फाईल त्याच प्रोग्रामने, त्याच कंपायलरवर परत वाचण्यापुरती ठीक. मराठवाड्यातल्या 76 तालुक्यांचा पाऊस कोणाला द्यायचा असेल तर साध्या मजकुरात, स्वल्पविराम घालून द्या.

स्ट्रक्चरमध्ये नावाला ॲरेऐवजी कॅर पॉइंटर घेतला असेल तर फाईलीत नाव जातच नाही, त्या क्षणीचा मेमरीचा पत्ता जातो. उद्या त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : ऊस वजनकाट्यावर दिवसभर चालणारा प्रोग्राम आहे. वजनाची प्रत्येक पावती फाईलीत लिहितो. लाईट गेली की शेवटच्या कितीतरी पावत्या गायब. आणि रोज रात्री एकूण हिशेबाची फाईल नव्याने लिहितो, ती एकदा शून्य बाइटची सापडली.
— एक वाचक, माजलगाव

उत्तर : दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला बफरचा. एफप्रिंटएफने लिहिलेलं लगेच डिस्कवर जात नाही. लायब्ररी ते आपल्याजवळ साठवते, साधारण 4096 बाइट भरले की पुढे ढकलते. पावतीची ओळ 40 बाइटची धरली तर शंभर पावत्या तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीतच असू शकतात. प्रत्येक पावतीनंतर एफफ्लश करा. त्याने मजकूर प्रोग्रामकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, म्हणजे प्रोग्राम कोसळला तरी पावती राहील. पण लाईट गेली तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतलंही जातं. त्यासाठी एफफ्लशनंतर लिनक्सवर एफसिंक, विंडोजवर अंडरस्कोर-कमिट. ही दोन्ही स्टँडर्ड लायब्ररीबाहेरची आहेत आणि दोघांना फाईल पॉइंटर चालत नाही, फाईलचा क्रमांक लागतो. तो लिनक्सवर फाईलनो देतं आणि विंडोजवर अंडरस्कोर-फाईलनो. दर ओळीला असं केलं की वेग उतरतो. काट्यावर दोन ट्रॉल्यांमध्ये मिनिटं जातात, तिथे तो वेग कोणाला लागत नाही.

पावत्यांची फाईल ‘ए’ मोडमध्ये उघडा. लिखाण कायम शेवटीच पडतं, मधे एफसीक करून कुठेही गेलात तरी. सकाळी चुकून ‘डब्ल्यू’ने उघडली तर कालच्या पावत्या गेल्या म्हणून समजा.

दुसऱ्या प्रश्नाचं कारणही तेच. ‘डब्ल्यू’ने फाईल उघडता क्षणीच ती रिकामी होते, एक अक्षर लिहिण्याआधी. उघडणं आणि बफर उतरणं यांच्यामध्ये लाईट गेली की जुना हिशेब गेलेला आणि नवा आलेला नाही. जुन्या फाईलला हात लावूच नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाची नवी फाईल लिहा, एफफ्लश करा, एफसिंक करा, एफक्लोज करा, आणि सगळं ठीक झालं तरच रीनेम करून जुनीच्या जागी बसवा. लिनक्सवर रीनेम जुनीला एका झटक्यात बदलतं. विंडोजवर त्या नावाची फाईल आधीच असेल तर ‘सी’चं रीनेम नापास होतं. तिथे मूव्हफाईलईएक्स (हे मात्र MoveFileEx असंच लिहायचं) हे विंडोजचंच फंक्शन ‘रिप्लेस एक्झिस्टिंग’ हा पर्याय देऊन वापरा.

‘सगळं ठीक झालं तर’ हे शब्द तपासूनच पाळा. डिस्क भरली असेल तर एफप्रिंटएफ बहुधा तक्रार करत नाही, त्याने तर बफरमध्येच लिहिलेलं असतं. तक्रार येते ती एफफ्लश किंवा एफक्लोजकडून. त्यांनी 0 दिलं नाही तर रीनेम करायचं नाही.

प्रश्न : बचत गटाच्या खात्यांच्या फाईलीत एकाच सभासदाची बाकी बदलायची आहे. ‘आर प्लस’ने, म्हणजे वाचायला आणि लिहायला, उघडतो, नोंद वाचतो, बदलून लिहितो. बदल होतो तो पुढच्याच सभासदाच्या नोंदीवर.
— एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : नोंद वाचून झाली की फाईलमधला काटा पुढच्या नोंदीच्या तोंडाशी असतो, लिखाण तिथेच पडतं. वाचल्यावर एफसीकने एका नोंदीएवढं मागे या. आकारमान उणे द्यायचं, पण साइझऑफ बिनचिन्ही आकडा देतं, म्हणून त्याला आधी लाँग करून मग उणे करा. मग एफराइट. पुढे आणखी नोंदी वाचायच्या असतील तर त्याआधी पुन्हा एक एफसीक लागतो, सध्याच्या जागेपासून 0 अंतराचा चालतो. वाचन आणि लेखन यांच्यामध्ये एफसीकसारखं काही न करता उडी मारली तर काय होईल याची हमी ‘सी’चं प्रमाण देत नाही. ‘कधी चालतं, कधी नाही’ हा त्यातलाच प्रकार. आणि इथे ‘आर प्लस’ला ‘बी’ जोडाच, कारण वर नांदेडच्या पत्रात सांगितलं आहे.

प्रश्न : गावांची नावं मराठीत ठेवतो. काही नावांच्या शेवटी चौकट दिसते, तक्ता वाकडा येतो, आणि एक्सेलमधून सेव्ह केलेल्या फाईलची पहिलीच ओळ वाचली जात नाही.
— शिक्षक, वसमत

उत्तर : यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं. ‘बीड’ला 9 बाइट, ‘नांदेड’ला 18, ‘हिंगोली’ला 21. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधली जागा धरून 49, आणि शेवटचं शून्य मिळून 50. 30 च्या ॲरेत एफगेट्स 29 बाइट घेतं, म्हणजे ‘छत्रपती सं’ एवढं आणि वर ‘भ’चा एक तृतीयांश. चौकट दिसते ती त्या तुटक्या ‘भ’ची. नावांना 100 ची ॲरे द्या. मेमरीची इतकी काटकसर आज करायची गरज नाही.

तक्ता वाकडा येतो कारण प्रिंटएफमधली रुंदी बाइटांत मोजली जाते. दहाच्या रुंदीत ‘बीड’ पुढे एक जागा सुटते, ‘नांदेड’ पुढे एकही नाही. मराठी रकाना शेवटी ठेवा. नाहीतर रकान्यांमध्ये टॅब घालून फाईल एक्सेलमध्ये उघडा.

पहिल्या ओळीचं कारण बीओएम. एक्सेलचा ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ पर्याय फाईलच्या सुरुवातीला 239, 187, 191 असे तीन न दिसणारे बाइट टाकतो. पहिल्या रकान्यात आकडा असेल तर परसेंट-डी त्यांना अडखळतो. फाईल उघडल्यावर पहिले तीन बाइट वाचून बघा, हेच असतील तर सोडून द्या, नसतील तर रिवाइंड करून सुरुवातीला या. उलट, तुमचा प्रोग्राम एक्सेलसाठी फाईल लिहीत असेल तर हेच तीन बाइट आधी लिहा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीऐवजी भलतीच अक्षरं उमटतात.

थोडक्यात

*फोटोची कॉपी करणारा प्रोग्राम शून्य बाइटची फाईल देतो. (जालना)* — एफगेटसीचं उत्तर तुम्ही कॅरमध्ये घेतलं आहे. जेपीईजीचा पहिलाच बाइट 255 असतो, कॅरमध्ये तो उणे 1 होतो, आणि ईओएफही उणे 1. इंटमध्ये घ्या. दोन्ही फाईलींना ‘बी’ लावा.

*एफफ्लशला एसटीडीआयएन देऊन इनपुट साफ करावं का? (तुळजापूर)* — नाही. एफफ्लश लिहिण्याच्या बाजूचं आहे, कीबोर्डला लावलं तर काय व्हावं हे प्रमाणात ठरलेलं नाही. उरलेला एंटर काढायला नवी ओळ किंवा ईओएफ येईपर्यंत गेटचार फिरवा.

*गेट्स वापरलं की नवा कंपायलर ओरडतो. (औंढा नागनाथ)* — बरोबरच आहे, 2011 च्या प्रमाणातून ते काढून टाकलं आहे, कारण ॲरे किती मोठी आहे हे त्याला सांगताच येत नाही. एफगेट्स घ्या. ते ओळीच्या शेवटची नवी ओळही सोबत आणतं, ती एसटीआरसीएसपीएनने शोधून तिथे 0 ठेवा. त्यासाठी ‘स्ट्रिंग’ हेडर जोडायला विसरू नका.

*शंभर दिवसांच्या शंभर फाईलींपासून सुरुवात केली, सगळ्या लूपमध्ये उघडतो, रोज थोड्या फाईली वाढवतो. आता काही दिवसांपासून मधेच नल येऊ लागलाय. (किनवट)* — लूपमध्ये एफक्लोज नाही. एका वेळी किती फाईली उघड्या ठेवायच्या याला हद्द असते : लिनक्सवर सहसा 1024, विंडोजच्या लायब्ररीत मुळात 512, त्यातही तीन आधीच स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एररने धरलेल्या. पीएरर ‘टू मेनी ओपन फाईल्स’ म्हणेल. प्रत्येक फाईल वाचून झाली की त्याच फेरीत बंद करा.